केटिलच्या जीपची नवी मडगार्डं

स्वावा केटिल्सदोतिरला मी तीन वर्षं शिकवलं. तिचं अक्षर वाईट होतं आणि पाठांतर त्याहून वाईट. पण फळ्यावर पट्टी न घेता सरळ रेघ ओढणारी मुलगी माझ्या एकेचाळीस वर्षांच्या नोकरीत मला तेवढी एकच भेटली. रेघ ओढताना ती श्वास रोखून धरायची आणि ओढून झाली की चार पावलं मागे सरून, मान जराशी कलती करून तिच्याकडे बघायची. आज ती एकसष्ट वर्षांची आहे आणि अजूनही कुठलीही गोष्ट तशीच बघते.

आमचं खोरं आइसलँडच्या उत्तरेला. मधून नदी, दोन्ही काठांवर मिळून अठरा शेतं, वर पठार आणि खाली समुद्राच्या तोंडाशी गाव. नदीच्या पश्चिमेला बाक्की नावाचं शेत आहे. स्वावा तिथं जन्मली आणि तिथंच राहिली. बावीस वर्षं तिने डेअरीचा दुधाचा टँकर चालवला. त्या बावीस वर्षांत टँकर आलाच नाही असे दिवस किती, हे आमच्याकडे कुणालाही विचारा; लोक बोटांवर मोजायला लागतात आणि एका हाताची बोटंही पुरी होत नाहीत. टँकर डेअरीचा होता. घरची गाडी म्हणजे हिरवी जीप, आणि ती जीप होती केटिलची.

केटिल म्हणजे तिचे वडील. उंच, मोठ्या आवाजाचा माणूस. या काठावर बोलला की त्या काठावरचं कुत्रं उठून बसायचं. सत्याऐंशी साली त्याने ती जीप नवी घेतली, गडद हिरवी. बर्फात चालावी म्हणून अडतीस इंची रुंद टायर घातले, रिमा पांढऱ्या रंगवल्या. चाकं इतकी बाहेर आली की मूळची मडगार्डं त्यांना झाकेनात, आणि चाक उघडं असलं तर गाडी तपासणीत पास होत नाही. तेव्हा केटिलने तेलाचं रिकामं पीप उभं चिरलं, पत्रा ठोकून वाकवला आणि मडगार्डांना वीतभर रुंद कडा लावल्या. ठोक्यांच्या खुणांसकट. त्याला हसायची कुणाची छाती नव्हती. सहा वर्षांनी केटिल गेला आणि जीप स्वावाकडे आली. वादळात सुईणीला आणायला गेली ती स्वावा, शाळेची मुलं पुलाच्या पलीकडे अडकली तेव्हा चार फेऱ्या मारल्या त्या स्वावाने. लोक म्हणायचे, केटिलची जीप आली.

दर सप्टेंबरात पठारावर सोडलेल्या मेंढ्या गोळा करून खाली आणतात. त्या कामाचा जो मुख्य असतो त्याला आम्ही डोंगरराजा म्हणतो. सध्याचा डोंगरराजा मार्टेन, नदीच्या वरच्या अंगाचा शेतकरी, सावकाश बोलणारा. कामाच्या आदल्या दिवशी दुपारी खोऱ्यातले सगळे सभागृहात जमतात, कॉफी आणि साखर घालून गुंडाळलेले पातळ पॅनकेक खातात, आणि डोंगरराजा यादी वाचतो. कोण कुठल्या बाजूने चढणार, कोणती गाडी कुठे थांबणार. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट.

“बाक्की,” मार्टेनने वाचलं. “केटिलची जीप. माणसं दोन, कुत्रा एक, जेवणाची पेटी.”

“मार्टेन,” स्वावा म्हणाली, “केटिलला जाऊन सव्वीस वर्षं झाली.”

“माहीत आहे. शवपेटीला खांदा दिलाय मी.”

“मग जीप कोणाची?”

“तुझी. पण यादीत केटिलची आहे.”

“यादी तूच लिहितोस ना?”

“मी उतरवून काढतो. गेल्या वर्षीची असते तिच्यावरून.” त्याने चष्मा कपाळावर सरकवला. “आणि असं बघ, जीप तर तीच आहे.”

“तीच कशी? इंजिन दोनदा बदललंय. गिअरबॉक्स बदललाय. मागचा आस मी माझ्या हाताने बसवलाय.”

“ते सगळं आत असतं, स्वावा. माझ्या खिडकीतून मला काय दिसतं? हिरवी जीप, पांढरी चाकं, पिपाच्या पत्र्याच्या कडा. केटिलची जीप.”

सभागृहात हशा झाला. तीही हसली. परतताना मी तिच्याच शेजारी बसले होते.  पुलावर गाडी हळू करून ती म्हणाली, “इंगुन, त्याचं बरोबर आहे. जे दिसतं ते मी एकदाही बदललेलं नाही.”

मला ते तेव्हा फारसं गंभीर वाटलं नाही. पण ऑक्टोबरात गाडी तपासणीला गेली आणि तिथल्या माणसाने पुढच्या डाव्या कडेवर बोट टेकवलं, तर बोट आरपार गेलं. पत्र्याचा नुसता गंज उरला होता. वसंतापर्यंत नव्या कडा लावा, असं त्याने कागदावर लिहून दिलं. स्वावाने तो कागद घडी करून खिशात ठेवला. तिचा चेहरा मी ओळखते. पाठ न केलेली कविता ऐनवेळी आठवली की तो तसा खुलायचा.

आमच्याकडे कुठलाही निर्णय गरम पाण्याच्या कुंडात होतो. गावातल्या पोहण्याच्या तलावाला लागून ते आहे आणि मंगळवारी सकाळी आम्ही ठरलेली माणसं त्यात गळ्यापर्यंत बसलेली असतो. त्या मंगळवारी बर्फ भुरभुरत होता. टॉर्फी होता, म्हणजे स्वावाचा मामेभाऊ, गावात त्याचं गाड्यांचं वर्कशॉप आहे. फ्रिदा होती, तिचं शेत बाक्कीच्या बरोबर समोर, नदीच्या पूर्वेला. मार्टेन डोळे मिटून बसला होता.

“त्यात विचार कसला करतेस?” टॉर्फी म्हणाला. “माझ्याकडे खोक्यात तयार आहेत. काळं प्लास्टिक, अडतीस इंचीच्या मापाचं. सकाळी गाडी आण, दुपारी घेऊन जा.”

“तुझं काळं प्लास्टिक खोऱ्यात अकरा जीपांवर आहे.”

“म्हणजे चांगलं असणार.”

“म्हणजे समोरून कोण येतंय ते कळत नाही. परवा मी तुला समजून पोस्टमनला हात केला.”

“मग? त्याने केला?”

“केला ना. तेव्हाच कळलं की तो तू नाहीस.”

फ्रिदा पाण्यात घसरेपर्यंत हसली. मग सावरून म्हणाली, “पण मी म्हणते, पत्र्याच्या जागी पत्राच लाव की. केटिलची तेवढीच आठवण.”

“आठवण माझ्या डोक्यात आहे, फ्रिदा. मडगार्डवर गंज आहे.”

“चाकं मात्र पांढरी ठेव,” मार्टेन डोळे न उघडता म्हणाला.

“का?”

“सवय झालीय.”

“म्हणूनच नाही ठेवणार.”

“मग करणार तरी काय?” टॉर्फीने विचारलं.

“कडा मी स्वतः बनवणार. काचेच्या धाग्यांच्या कापडाच्या, रेझिन लावून. पूर्वी तुझा बाप बनवायचा तशा.”

“माझ्या बापाला वर्षभर खोकला होता त्यापायी.”

“मी खिडकी उघडी ठेवीन.”

आधी चाकांचं ठरलं. टॉर्फीने तिला वर्कशॉपमध्ये बसवून रिमांचा जाडजूड कॅटलॉग दाखवला. चकचकीत ॲल्युमिनियमच्या, काळ्या, फुलासारख्या पाकळ्यांच्या. ती एकेक पान उलटत होती आणि चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. शेवटी म्हणाली, “सगळे चमचे वाटतायत.” कोपऱ्यात जुन्या लोखंडी रिमांची चळत होती, गोल गोल भोकांच्या, रुंद करून घेतलेल्या. तिने त्यातली एक ओढून उभी केली, मागे सरली, मान कलती केली. “या.”

“रंग कोणता देऊ? काळा?”

“रंग मी देते.”

तिने दिलेला रंग आम्ही आठवड्याने पाहिला. लोण्यासारखा दाट पिवळा. टॉर्फीने डोक्याला हात लावला. फ्रिदाने फोनवर मला सांगितलं की बाक्कीच्या अंगणात अंड्याचे चार बलक पडलेत. मला मात्र तो पिवळा ओळखीचा वाटत होता आणि कुठला ते आठवत नव्हतं. दोन दिवसांनी आठवलं. दुधाच्या टँकरच्या दारावर त्याच रंगाची पट्टी होती. हिवाळ्याच्या अंधाऱ्या सकाळी दिव्याच्या उजेडात पहिल्यांदा ती पट्टी दिसायची आणि मग कळायचं, रस्ता उघडा आहे, स्वावा आली. मी तिला तसं म्हणाले, तर ती ब्रश धुता धुता म्हणाली, “डब्यात उरला होता.” एवढंच.

कडेचा आकार ठरवायला मात्र तिला पुरा नोव्हेंबर लागला. आमच्या खोऱ्यात गाडी जवळून कुणी बघत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, नदीपलीकडून बघतात. तेव्हा आकार तिथूनच ओळखू आला पाहिजे, असं तिचं म्हणणं. ती पुठ्ठा कापायची, चिकटपट्टीने जीपला लावायची, आणि पलीकडे फ्रिदाला फोन करायची. मी एकदा तिथं असताना झालेलं बोलणं असं होतं.

“दिसतंय?”

“थांब, चष्मा घेते. हं. हे काय गं, गालफुगी आल्यासारखी दिसतेय.”

“बरं. आता?”

“आता दात काढलेल्या माणसासारखी.”

“फ्रिदा, नीट सांग. रुंद वाटते की अरुंद?”

“अगं नीटच सांगतेय. पुढचं गोल जास्त झालंय. कालचा बरा होता, परवाचा त्याहून बरा होता.”

“परवाचा कुत्र्याने खाल्ला.”

“मग कुत्र्याला विचार.”

असे चौदा आकार झाले. चौदाव्याला फ्रिदा फोनवर म्हणाली, “हा कुणाचाच नाही. म्हणजे असा मी कुणाच्या गाडीवर पाहिलेला नाही.” स्वावाने पेन्सिलीने पुठ्ठ्यावर तारीख घातली.

तो आकार खरोखर सुंदर होता. केटिलच्या कडा बादलीच्या काठासारख्या बाहेर यायच्या. ही कड दारापासून हळूच उचलली जायची आणि चाकावरून अशी वळायची की ती मागून लावली आहे हे कळू नये. चाकाला घट्ट बसलेली. पुठ्ठ्यावरून तिने भिंतीत भरतात त्या फोमचे ठोकळे कोरले, पाव कापायच्या सुरीने, आणि ते काम गोठ्यात थंडी फार म्हणून जेवणाच्या टेबलावर चाललं. तिचा नवरा येन्स मासेमारीच्या मोठ्या बोटीवर असतो. तो तीन आठवड्यांनी घरी आला.

“जेवायचं कुठे?” त्याने विचारलं.

“ओट्यावर.”

“तीन आठवडे मासे बघून घरी आलो, तर टेबलावर देवमासा.”

“हात नको लावू, चेपेल.”

येन्सने ओट्याशी उभ्याने कोकराच्या मटणाचं सूप प्यायलं आणि देवमाशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “त्या अंगाला जरा जाड वाटतोय.” स्वावाने वाकून पाहिलं. जाड होता. तिने सुरी घेतली. त्या दिवसापासून येन्स खूश होता.

फेब्रुवारीपर्यंत चारही कडा तयार झाल्या. कापडावर रेझिन, सुकलं की घासायचं, परत कापड. काचेची कुसळं टोचून तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. हिरवा रंग तिने इतका अचूक जुळवला की जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते बोटानेच कळायचं. गाडी तपासणीतून पास झाली. तपासणाऱ्याने कड कुठून घेतली असं विचारलं, आणि ही गोष्ट तिने मला दोनदा सांगितली. ती कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नाही.

टॉर्फी बघायला आला. गाडीभोवती एक फेरी मारली, खाली बसला, आणि पुढच्या टायर आणि कडेच्या मधल्या फटीत बोटं घातली.

“छान झालीय,” तो म्हणाला. “इथं अजून दोन बोटं जागा हवी होती.”

“तुला तुझं प्लास्टिक खपवायचंय.”

“तसं समज.” तो उठला आणि कॉफी प्यायला आत गेला.

मार्चमध्ये बर्फ घट्ट झाला की आम्ही पठारावरच्या मेंढपाळांच्या झोपडीपर्यंत एक फेरी मारतो. सहा जीपा होत्या. मी स्वावाच्या गाडीत; माझं काम थर्मास धरण्याचं. खोऱ्यातून जाताना प्रत्येक खिडकीत कुणी ना कुणी उभं होतं आणि स्वावा समोरच बघत होती, पण गाडी ती नेहमीपेक्षा हळू चालवत होती. पुलापाशी फ्रिदाने टॉवेल हलवला.

वरच्या फाटकापाशी सगळ्या गाड्या थांबल्या. तिथून पुढे रस्ता नाही, नुसता बर्फ. तिथं प्रत्येकजण उतरतो, चाकापाशी गुडघे टेकतो आणि टायरमधली हवा सोडतो. जवळजवळ सगळी. टायर बसका होतो, त्याचं पोट दोन्ही बाजूंना सुटतं, आणि गाडी बर्फात न रुतता वरून चालते. चोवीस चाकांचा तो फुसफुस आवाज आणि वर कॉफीचा वास, हे मला फार आवडतं. स्वावाने आपली हवा सोडली, हातमोजे झटकले, आत बसली, आणि झोपडीच्या दिशेने वळण्यासाठी चाक फिरवलं.

खर्र असा आवाज झाला. मोठ्या आरीने लाकूड धरावं तसा.

तिने लगेच ब्रेक दाबला. चाक सरळ केलं, परत थोडं वळवलं. पुन्हा तोच आवाज. ती स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. मला कळायला थोडा वेळ लागला. तिला पहिल्याच क्षणी कळलं होतं. चार महिने तिने सगळी मापं घेतली होती ती गोठ्यात, टायर हवेने टम्म भरलेला असताना. आयुष्यात हजार वेळा जिने टायरची हवा सोडली, तिने कड लावताना त्या सुटणाऱ्या पोटाचा विचार केला नव्हता. तिचं लक्ष फ्रिदाच्या खिडकीकडे होतं.

बाकीच्या गाड्यांतली माणसं उतरून जवळ आली. कडेचा पुढचा खालचा कोपरा टायरमध्ये घुसत होता; रबराच्या काळ्या रेघा हिरव्या रंगावर उमटल्या होत्या.  हवा परत भरून घरी जाणं शक्य होतं. मग मात्र ती जीप रस्त्यावरची झाली असती, पठारावरची नाही, आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

टॉर्फी शेवटी आला. मला भीती वाटली की आता तो दोन बोटांचं बोलून दाखवणार. तो खाली बसला, बघितलं, उठला.

“माझ्याकडे करवत आहे,” तो म्हणाला.

“दे,” स्वावा म्हणाली.

“मी कापतो. तू चाक वळवून धर.”

“चाक तू धर.”

मग ती माझ्याकडे वळली. “इंगुन, पेन्सिल आहे?”

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी माझ्या कोटाच्या खिशात पेन्सिल असते. तिने ती घेतली, बर्फात एका गुडघ्यावर बसली आणि टॉर्फीला चाक पूर्ण वळवायला सांगितलं. सुटलेल्या पोटाच्या बाहेरून, दोन बोटं जागा ठेवून, तिने खालून वर एक तिरकी रेघ ओढली. एकाच झटक्यात. श्वास रोखून. मग उठली, चार पावलं मागे सरली, मान कलती केली. वारा होता आणि सगळे तिच्यासाठी थांबले होते. तिला घाई नव्हती.

“बरी आहे,” ती म्हणाली आणि कापायला लागली.

पांढरा भुगा बर्फावर पडत होता. बनवायला चार महिने लागलेली कड आणि कापायला दहा मिनिटं. एक बाजू झाली, मग दुसरी. दुसरीकडे तिने पहिल्या तुकड्याचंच माप लावलं. मागच्या कडा लागत नव्हत्या. शेवटचा तुकडा पडला तेव्हा तो तिने टाकला नाही, जॅकेटच्या खिशात घातला.

मार्टेन इतका वेळ हात मागे बांधून उभा होता. तो वाकला आणि कापलेल्या तिरक्या काठावरून त्याने अंगठा फिरवला, कोकराचा कान चाचपावा तसा. आमच्याकडे प्रत्येक शेताच्या मेंढ्यांच्या कानावर आपापली काप असते, आणि शरद ऋतूत हजारो मेंढ्यांत आपली मेंढी कोणती ते त्यावरूनच ठरतं. मार्टेनला खोऱ्यातल्या सगळ्या कापा तोंडपाठ आहेत.

“कान कापला,” तो म्हणाला. “आता बदलता येणार नाही.”

“बदलायचा नाहीच आहे,” स्वावा म्हणाली आणि करवत टॉर्फीला परत दिली. “दोन बोटं.”

“दोन बोटं,” टॉर्फी म्हणाला. तेवढ्यावर ते संपलं. दोन बोटांचा तो विषय मी पुन्हा कधी त्यांच्यात ऐकलेला नाही.

आम्ही झोपडीपर्यंत गेलो. एकदाही खर्र झालं नाही. परतल्यावर मला वाटलं होतं की ती कड दुरुस्त करील, तुकडा जोडून जरा मोठा वळसा देईल. येन्सनेही तसं सुचवलं. तिने फक्त तिरका काठ घासून गुळगुळीत केला, दुमडल्यासारखी बारीक गोलाई दिली आणि रंग लावला. पुढून बघितलं तर आता दोन्ही मडगार्डं चाकावरून मागे उचललेली दिसतात, उडी मारायच्या बेतात असलेल्या कुत्र्याच्या पुढच्या पायांसारखी. त्या दिवशी फ्रिदाचा फोन आपणहून आला.

“हे काय केलंस गं?”

“का? वाईट दिसतंय?”

“वाईट कशाला. पूर्वी मला चांगली दिसत होती. आता ती तुझी आहे हे दिसतं. चष्म्याशिवाय.”

मे महिन्यात टॉर्फी बाक्कीला आला, कॉफी प्यायला, शंकरपाळ्यांसारख्या तळलेल्या क्लेनूर खाल्ल्या, हवेवर बोलला, मेंढ्यांच्या विण्यावर बोलला. निघताना दाराशी उभा राहून बुटांकडे बघत म्हणाला, “गावातला एकजण विचारत होता. तुझ्यासारख्या कडा मिळतील का म्हणून.”

“मग?”

“आणखी दोघे विचारत होते.”

“तुझं प्लास्टिक संपलं वाटतं.”

“साचा देतेस का, स्वावा?”

तिने आधी टेबलावरचे कप गोळा केले. मला ठाऊक आहे, तिला तो उशीर फार गोड लागत होता. “साचा देते,” ती म्हणाली. “पण पुढची काप त्यात नाही. ती ज्याची त्याने मारायची, फाटकापाशी, हवा सोडून. प्रत्येकाचं चाक वेगळं असतं.”

“त्यांना तुझ्यासारखीच हवीय.”

“माझ्यासारखी माझी आहे.”

टॉर्फी साचा गाडीत घालून घेऊन गेला, अगदी सांभाळून, खाली घोंगडी अंथरून.

मग सप्टेंबर आला आणि आम्ही पुन्हा सभागृहात जमलो. स्वावाने त्या दिवशी केस धुतले होते आणि ती मागच्या बाकावर बसली होती, जिथून मार्टेनचा कागद दिसत नाही. मी तिच्या शेजारी. मार्टेनने चष्मा लावला आणि वरच्या अंगापासून सुरुवात केली. एकेक शेत. तिने बशीतला पॅनकेक उलगडला, पुन्हा गुंडाळला.

“बाक्की,” मार्टेनने वाचलं. “स्वावाची जीप. माणसं दोन, कुत्रा एक, जेवणाची पेटी.” आणि न थांबता पुढचं शेत वाचायला लागला, जणू सत्तावीस वर्षं तसंच लिहिलेलं होतं.

कुणी हसलं नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. समोरच्या रांगेतून टॉर्फीने मागे वळून एकदा बघितलं. स्वावाने पॅनकेक खाल्ला आणि बोटांची साखर पुसली. तिचा कान लाल झाला होता, माझ्या बाजूचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पठाराच्या कडेला उभ्या होतो. धुकं नुकतंच उठलं होतं, खाली नदी चमकत होती आणि पिवळ्या चाकांवर दव होतं. पलीकडच्या उतारावरून मेंढ्यांची लांब पांढरी रांग उतरत होती. गाडीतल्या रेडिओवर मार्टेनचा सावकाश आवाज आला, ओढ्याच्या पलीकडे तीन मेंढ्या मागे राहिल्यात, जवळ कोणती गाडी आहे.

स्वावाने माइक उचलला, बटण दाबलं आणि म्हणाली, “केटिलची जीप. ऐकतेय.”

 तिने माझ्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षं ती स्वतःच हे उत्तर देत आली होती, आणि नाव बदललंय हे तोंडाला कुणी सांगितलंच नव्हतं.

“कोणाची?” रेडिओवर मार्टेनने विचारलं.

तिने बटण पुन्हा दाबलं. थोडा वेळ नुसतं दाबून धरलं, म्हणजे सगळ्या गाड्यांमध्ये वाऱ्याचा आवाज गेला असेल.

“स्वावाची,” ती म्हणाली. “निघालेय.”

मग चाक पूर्ण वळवून तिने गाडी ओढ्याकडे उतरवली, आणि कुठेही काही घासलं नाही.